आईच्या डोळ्यांचे थेंब, सहा सुपाऱ्या आणि एआय: ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणजे नेमकं काय?

मागच्या पावसाळ्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. निघताना हातात दोन बाटल्या आणि एक कागद मिळाला. कागदावर औषधांची नावं इंग्रजीत छापलेली, पुढे पेनानं घातलेले आकडे. एका बाटलीचे थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, मग चार, असं दर आठवड्याला एकेक कमी. दुसरी बाटली दोन आठवडे, दिवसातून चार वेळा. दोन औषधांमध्ये निदान पाच-दहा मिनिटांचं अंतर. कागदात काहीच चुकीचं नव्हतं, आणि डॉक्टरांनी तोंडीही नीट सांगितलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, “अगं, पांढऱ्या टोपणाची सहा वेळा की गुलाबी?”

घरच्या ग्रुपवर भाच्यानं लगेच लिहिलं, “मावशी, एआयला सांग ना. पाच मिनिटांत अ‍ॅप बनवून देईल.” तो इंजिनीअरिंगला आहे आणि त्याच आठवड्यात त्याच्या कॉलेजात ‘डिझाइन थिंकिंग विथ जेन-एआय’, म्हणजे जनरेटिव्ह एआयच्या मदतीनं डिझाइन थिंकिंग, अशी कार्यशाळा चालू होती. हे शब्द सध्या अभ्यासक्रमात, नोकरीच्या जाहिरातींत आणि सरकारी बैठकांच्या बातम्यांत सारखे दिसतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे काहीतरी मोठ्या कंपन्यांचं प्रकरण असणार. मी गेली काही वर्षं फॉर्म, माहितीपत्रकं, दवाखान्यातले फलक असल्या गोष्टी लोकांना कळतील अशा करण्याचं काम करते. त्यामुळे हा विषय मला आईच्या त्या कागदावरूनच समजावून सांगावासा वाटतो.

डिझाइन म्हणजे रंगरंगोटी नव्हे

डिझाइन म्हटलं की साडीचा काठ नाहीतर लोगो डोळ्यांसमोर येतो. इथे अर्थ वेगळा आहे. एखादी वस्तू किंवा सोय जो वापरणार, त्याच्या अंगाला ती बसेल अशी घडवणं, हे डिझाइन.

चांगला शिंपी आठवा. कापड हातात पडल्या पडल्या तो कात्री लावत नाही. आधी माप घेतो आणि घेताना विचारतो, रोज घालायचा की कार्यक्रमाला, खिशात काय ठेवता, मांडी घालून बसावं लागतं का. मग मनाशी ठरवतो की या माणसाला नक्की काय हवंय. दोन-तीन प्रकार सुचवतो. कच्ची शिलाई घालतो. अंगावर चढवून बघतो, काखेत ओढतंय म्हटलं की उसवतो आणि पुन्हा घालतो. डिझाइन थिंकिंगच्या पाच पायऱ्या म्हणून जे शिकवतात ते हेच: माणसाला समजून घेणं, प्रश्न नेमका मांडणं, कल्पना काढणं, कच्चा नमुना करणं आणि तो वापरून बघणं. या पायऱ्या जिन्यासारख्या एकदा चढून संपत नाहीत. शिंपी जसा पुन्हा मापाकडे जातो तसं मागे यावं लागतं.

हे नाव आणि ही मांडणी जगभर पोहोचली ती मुख्यतः अमेरिकेतली आयडिओ ही डिझाइन कंपनी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचं ‘डी-स्कूल’ यांच्यामुळे. आयडिओचे टिम ब्राउन यांनी २००८ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्यावर लेख लिहिला आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत हा शब्द रुळला. रीत मात्र त्याहून जुनी आहे आणि आपल्या ओळखीचीही आहे. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं. तो कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले होते. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या हातांनी त्या भांड्याला आकार दिला, हे त्यांना दाखवायचं होतं. त्या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

दुसरं उदाहरण जयपूर फूटचं. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायला बनवलेले होते. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात उतरतो. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी रबराचा असा पाय केला जो बुटाशिवाय चालतो, वाकतो आणि चिखलात टिकतो. पाय तर आधीही मिळत होते. कमी होता तो उकिडवं बसणाऱ्या माणसाचा विचार.

आणि जनरेटिव्ह एआय?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हापासून हा शब्द घरोघरी गेला. जनरेटिव्ह म्हणजे नवा मजकूर, चित्र, आवाज किंवा प्रोग्राम तयार करणारं. प्रचंड मजकूर वाचून घेतलेली ही यंत्रणा आहे, आणि आत्तापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत ती लिहीत जाते.

तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे असतात. हजारो अर्ज हाताखालून गेलेले. तुम्ही म्हणालात ‘वारस नोंद’ की ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून ‘आपला विश्वासू’ पर्यंत सगळं त्यांच्या हातातून वाहू लागतं. एआय तसा लिहिणारा आहे, फक्त त्यानं जगभरातल्या कचेऱ्यांचे अर्ज वाचलेत आणि तो थकत नाही. तुमची जमीन मात्र त्यानं पाहिलेली नाही. आणि एक मोठा फरक आहे: तुम्ही गट नंबर सांगितला नाहीत तर कचेरीबाहेरचा माणूस जागा मोकळी सोडतो. एआय कधी कधी तिथे स्वतःच्या मनानं एक नंबर घालून देतं, आणि तो खऱ्यासारखाच दिसतो.

आता दोन्ही जोडा. पाच पायऱ्यांपैकी तिसरी आणि चौथी, म्हणजे कल्पना काढणं आणि कच्चा नमुना करणं, या लिहिण्या-रेखाटण्याच्या आहेत. तिथे एआय झपाट्यानं काम करतं. पहिली आणि शेवटची पायरी माणसाजवळ जाऊन बसण्याची आहे. ‘प्रश्न नेमका मांडणं’ ही दुसरी पायरी पूर्णपणे पहिलीवर अवलंबून.

पहिली पायरी घरबसल्या का चढता येत नाही

२००७ मध्ये स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी कमी वजनाच्या नवजात बाळांना ऊब देणारी एक स्वस्त पिशवी बनवायला घेतली. ‘एम्ब्रेस’ हे तिचं नाव. झोपायच्या पिशवीसारखी दिसणारी, आत मेणासारख्या पदार्थाचा पाउच. तो एकदा तापवला की काही तास ३७ अंशांच्या आसपास ऊब देत राहतो. ही मंडळी नमुना घेऊन महाराष्ट्रातल्या एका लहान गावी आली आणि तिथल्या आयांना तो दाखवला. पाउचवर तापमानाची पट्टी होती, ३७ पर्यंत तापवायचं होतं. एका आईनं सांगितलं की पाश्चात्त्य औषधं फार कडक असतात असं आमच्याकडे मानतात, म्हणून आम्ही नेहमी मात्रा कमी करतो. बाळाला त्रास नको म्हणून मी हे ३० पर्यंतच तापवीन.

त्या बाईचा यात काय दोष? ती बाळाच्या काळजीपोटीच बोलत होती. पण त्या काळजीनं ते उपकरण निकामी झालं असतं. मग टीमनं आकडेच काढून टाकले आणि फक्त ‘ठीक आहे’ की ‘ठीक नाही’ एवढंच दाखवणारी खूण ठेवली. त्या आईचं ते वाक्य कुठल्याही अहवालात आधी लिहिलेलं नव्हतं. जे कुठे लिहिलेलंच नाही, ते वाचून शिकणाऱ्या यंत्राला कुठून कळणार?

आम्ही काय केलं

भाच्याचं म्हणणं मी मोडलं नाही. आईकडे जायच्या आधीच आम्ही एआयला विचारलं: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना डोळ्यांत थेंब घालायची आठवण राहावी म्हणून वीस कल्पना सांग. अर्ध्या मिनिटात वीस आल्या. गजर लावणारं अ‍ॅप, बोलणारी बाटली, क्यूआर कोड, मुलांना मेसेज पाठवणारं टोपण, रंगीत कॅलेंडर. वाईट त्यातली एकही नव्हती. पण बहुतेक कल्पनांना चांगली नजर, हातात स्मार्टफोन आणि जवळ एखादा तरुण माणूस हवा होता. आई गावी एकटी असते. तिचा फोन बटणांचा आहे.

मग मी दोन दिवस तिच्याकडे राहिले. सल्ला द्यायचा नाही, फक्त बघायचं, असं ठरवून. काय दिसलं ते सांगते.

कागद कॅलेंडरच्या मागे खोचलेला होता आणि तिनं तो एकदाही उघडला नव्हता. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून धूसर दिसत होतं, जुन्या चष्म्याचा नंबर निरुपयोगी झाला होता आणि नवा चष्मा महिनाभरानं मिळणार होता. ज्या डोळ्यासाठी कागद दिला, नेमकं त्याच डोळ्याला तो दिसत नव्हता. मी इतकी वर्षं हेच काम करते, आणि हे तिच्या शेजारी बसेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाटल्या ती टोपणाच्या रंगावरून ओळखायची. एक बाटली नवी आणावी लागली, तेव्हा मेडिकलवाल्यानं तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. औषध तेच, टोपणाचा रंग निराळा. फोनवरचा तो प्रश्न तिथून आला होता.

घड्याळ तिच्या दिवसात नव्हतंच. सकाळचा चहा, पूजा, जेवण, दुपारची डुलकी, दिवेलागण, रात्रीची मालिका, असा तिचा दिवस. ‘दर दोन-अडीच तासांनी’ या शब्दांना त्यात जागा नव्हती.

सगळ्यात महत्त्वाचं दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. ओट्याशी उभी राहून तिनं स्वतःशीच म्हटलं, “घातले का गं मी मघाशी?” आणि शंका नको म्हणून पुन्हा घातले. म्हणजे थेंब घालायला ती विसरत नव्हती. घातले की नाही, हे विसरत होती. आम्ही एआयला आठवण करून देणाऱ्या वीस युक्त्या मागितल्या होत्या आणि वीसही चुकीच्या प्रश्नाची उत्तरं होती.

नवा प्रश्न असा मांडला: जिला सध्या वाचता येत नाही, जी एकटी राहते, तिला आज किती वेळा झालं आणि किती उरलं हे हाताला कसं कळेल? वर लिहिलेलं सगळं निरीक्षण त्यासोबत दिलं. आता उत्तरं वेगळ्या जातीची आली. एक लगेच पटलं: टोपणाचा रंग सोडा, सहा वेळांच्या बाटलीला एक रबर बँड गुंडाळा. अंधारातही बोटांना कळतं, आणि नवी बाटली आणली की रबर बँड तिच्यावर चढवायचा. दुसरं, मोठ्या चौकोनांचा तक्ता: प्रत्येक वेळी स्केचपेननं एक फुली. एका दुपारी अकरा तक्ते करून पाहिले. पूर्वी तीन करायला माझा आठवडा गेला असता.

पहिला तक्ता भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सहाच्या सहा चौकोनांत फुल्या होत्या. “नंतर विसरायला नको म्हणून आत्ताच करून टाकल्या,” आई म्हणाली. तिच्या आयुष्यात तक्ता म्हणजे पूर्ण भरून द्यायची गोष्ट, रेशनचा असो की अंगणवाडीचा.

मग तीच उठली. देवघरातून दोन वाट्या आणल्या, एकीत सहा सुपाऱ्या टाकल्या. थेंब घातला की एक सुपारी या वाटीतून त्या वाटीत. दिवसअखेर पहिली वाटी रिकामी. आणि आठवडा बदलला की एक सुपारी डब्यात परत, मग राहिल्या पाच. दर आठवड्याला एकेक कमी होणारी मात्रा, जी मला कागदावर समजावून सांगताना दमछाक होत होती, ती तिनं वाटीत मांडून दाखवली. चार वेळांच्या दुसऱ्या बाटलीसाठी चार बदाम. वाट्या देवघराशी, कारण तिथे ती दिवसातून तीनदा जातेच.

यानंतर एआयचा पुन्हा उपयोग झाला. सुपाऱ्यांची रीत शेजारपाजारच्यांना सांगायला एका पानाचा मजकूर आणि चित्रं त्याच्याकडून काढून घेतली. मराठी सुधारावी लागली. ‘थेंबांचे प्रशासन करावे’ असं त्यानं लिहिलं होतं. आमच्याकडे थेंब घालतात.

नमुना स्वस्त झाला, याचा अर्थ काय

मला यातला खरा बदल इथे वाटतो. ज्या गोष्टीवर पैसे आणि रात्री खर्च झाल्या ती टाकवत नाही. छापलेली दोन हजार पत्रकं लोकांना कळत नाहीत असं दिसलं तरी, ‘आता वाटून टाका’ असंच होतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. नमुना दहा मिनिटांचा असला की तो फेकताना जीव तुटत नाही, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसालाही ‘हे कळत नाही’ म्हणताना संकोच वाटत नाही. वाचलेला वेळ जर माणसांजवळ बसण्यात गेला तर या जोडीतून फार चांगलं काम होईल. तो वेळ आणखी वीस नमुने काढण्यात गेला तर चुकीच्या प्रश्नाची उत्तरं तेवढी जास्त सुबक होतील.

“मग एआयलाच आई व्हायला सांगा की”

हा आक्षेप भाच्याचाच. अशी सोय आज सर्रास वापरली जाते: एआयला एखाद्या वापरणाऱ्याची भूमिका घ्यायला लावायची आणि त्याचीच मुलाखत घ्यायची. आम्हीही करून पाहिलं. ‘तू ६८ वर्षांची, साताऱ्याकडच्या गावात एकटी राहणारी आई आहेस.’ उत्तरं समंजस होती: मोठी अक्षरं बरी वाटतील, नातवाचा फोन आला तर आधार वाटेल, तक्ता फार उपयोगी आहे. सकाळी साडेसातला सहा फुल्या मारणारी आई त्यात कुठेच नव्हती. ती कल्पनेतली आई सगळ्याला हो म्हणत होती, कारण विचारणाऱ्याला रुचेल असं बोलण्याकडे या यंत्रणांचा कल असतो. आणि ती सरासरीची आई होती. अडचण तर नेहमी सरासरीच्या बाहेर असते.

याचा उपयोग अजिबात नाही असं मात्र म्हणणार नाही. खऱ्या माणसाकडे जाण्याआधी आपले प्रश्न नीट आहेत का, एखादा प्रश्न दुखावणारा तर नाही ना, याची रंगीत तालीम म्हणून तो चांगला आहे.

“सगळ्यांना एकसारखंच सुचेल”

ही भीती खरी आहे. २०२४ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या नियतकालिकात अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना एआयच्या कल्पना बघायची मुभा दिली. ज्यांनी मदत घेतली त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना जास्त चांगल्या वाटल्या. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या झाल्या होत्या. म्हणजे एकेकट्याचा फायदा, सगळ्यांचा मिळून तोटा. म्हणून मी एक नियम पाळते: आधी कोऱ्या कागदावर स्वतःच्या कल्पना लिहायच्या, वापरणाऱ्यांच्या विचारायच्या, एआयला मग. उलट क्रमानं केलं तर सुपाऱ्या वाटीत येतच नाहीत.

“चुकलं तर जबाबदार कोण?”

आमच्या त्या एका पानाच्या पहिल्या मसुद्यात एआयनं लिहिलं होतं, ‘डोळा स्वच्छ पाण्याने धुवून मग थेंब घाला.’ ऐकायला किती शहाणपणाचं! ऑपरेशननंतर डोळ्यात साधं पाणी जाऊ द्यायचं नसतं, जंतुसंसर्गाची भीती असते. दवाखान्यातल्या सिस्टरनं वाचल्याबरोबर त्यावर काट मारली. म्हणून औषधपाण्याचा मजकूर डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही. आणि आईचं वेळापत्रक हे आईचं. तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं वेगळं असेल, तेच पाळायचं.

कायद्याच्या बाजूनंही उत्तर येऊ लागलं आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनंतर तिकिटात मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणानं कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. चॅटबॉट जे बोलतो त्याला आम्ही जबाबदार नाही, हा पवित्रा तिथे टिकला नाही.

पण जबाबदारी कोर्टात ठरण्याआधी ती रचनेतच घालता येते. बंगळुरूच्या शंकरा नेत्र रुग्णालयात मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर चालणारा एक बॉट केला. इंग्रजी, हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू या भाषांत लिहून किंवा बोलून विचारता येतं. उत्तर लगेच येतं, पण ते डॉक्टरांकडेही जातं, आणि त्यांनी तपासलं की बरोबरची खूण उमटते. चूक असेल तर दुरुस्त उत्तर येतं. रुग्णासोबत आलेल्या घरच्या माणसालाही त्यांनी वापरणारा मानलं, ही मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. आईच्या बाबतीत कागद वाचू शकणारं माणूस दुसरंच कुणीतरी होतं ना!

उदयपूर भागात खुशी बेबी या संस्थेनं आशा सेविकांसाठी असाच बॉट आणला. त्याला उत्तर माहीत नसेल तर तो तसं कबूल करतो आणि प्रश्न अनुभवी एएनएम, म्हणजे परिचारिकांकडे पाठवतो. तिघींचं उत्तर जुळलं की ते आशाताईंना कळवतो. जे प्रश्न वरिष्ठांना विचारायला संकोच वाटतो, ते बायका तिथे मोकळेपणानं विचारतात, असंही दिसून आलं. ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारं यंत्र बनवायचं, हा निर्णय माणसांचा होता. आशाताईंचं काम जवळून बघितल्याशिवाय तो सुचणं कठीण.

“मराठीत हे चालतं का?”

चालतं, पण तोल सांभाळावा लागतो. यंत्र जे वाचून शिकलं त्यात मराठी फार थोडी आहे. विकिपीडियाचंच बघा: इंग्रजीत सत्तर लाखांवर लेख, मराठीत एक लाखाच्या आसपास. त्यामुळे एआयची मराठी पुष्कळदा इंग्रजी वाक्याचा सांगाडा घेऊन येते, आणि पुस्तकी असते. घाटावरची, वऱ्हाडातली, मालवणी बोली तर आणखी दूर. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेल्या भाषिणीसारख्या उपक्रमांमुळे भारतीय भाषांतलं बोलणं ओळखणं सुधारतंय. तोवर एक सोपी कसोटी: एआयनं लिहिलेलं वाक्य ज्याच्यासाठी आहे त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि ‘काय कळलं ते मला सांगा’ म्हणायचं. ‘कळलं का?’ असं विचारू नये. आपल्याकडे मोठी माणसंही भिडेखातर हो म्हणतात.

एक गोष्ट राहिली, माहितीच्या खासगीपणाची. निरीक्षणं एआयला देताना नाव, गाव, फोन नंबर, रिपोर्ट काढून टाका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झालाच आहे, पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट परवानगीशिवाय कुठे टाकायची नसते.

पुढे काय

हे सगळं घराच्या वाटीपुरतं नाही. पीएम-किसानच्या प्रश्नांसाठी ‘किसान ई-मित्र’ हा चॅटबॉट २०२३ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्यात पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. पैसा यंत्रांवर, माहितीसाठ्यांवर, प्रशिक्षणावर जाईल आणि तो जायलाही हवा. माझी कळकळीची मागणी एवढीच की त्यातला एक हिस्सा लोकांच्या ओसरीवर बसण्यासाठी बाजूला ठेवावा. फवारणीच्या दिवशी हात औषधानं माखलेले असताना माणूस फोन कसा वापरतो, नवरा-बायकोत एकच फोन असेल तर प्रश्न कोण विचारतं, रेंज बांधाच्या कुठल्या टोकाला येते, हे कुणीतरी जाऊन बघावं आणि मग एआयपुढे प्रश्न ठेवावा. आणि कॉलेजच्या कार्यशाळांत दोन दिवसांपैकी पहिला दिवस वर्गाबाहेर जावा. भाच्यानं त्याच्या सरांना हे सुचवलंय.

दिवाळीनंतर शेजारच्या काकूंचंही ऑपरेशन झालं. आईनं मोठ्या हौसेनं वाट्या आणि सुपाऱ्या नेऊन दिल्या. काकूंनी हात जोडले. “अहो, नातू रांगतोय आमचा. दिसेल ते तोंडात घालतो. सुपारी घशात अडकली म्हणजे?” आईच्या आणि माझ्या हे मनातही आलं नव्हतं, त्या छान छापलेल्या पानातही नव्हतं. मग आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसलो. खिडकीच्या गजाला दोरी बांधलेली होती, तिच्यावर कपड्यांचे चिमटे होते. काकू म्हणाल्या, “हे सहा चिमटे डावीकडे लावते. थेंब घातला की एक उजवीकडे सरकवते. पोराचा हात पोचत नाही तिथवर.”